बटईने, ठोक्याने शेती करताय? कागद, हिशोब आणि सातबारा यांची सगळी माहिती

महाराष्ट्रात दुसऱ्याची जमीन कसणारे लोक प्रत्येक गावात आहेत पण कागदावर ते कुठंच दिसत नाहीत. सातबारा मालकाचा, पीक पाहणी मालकाच्या खात्यावर, पीएम किसानचे पैसे मालकाला, अतिवृष्टीचं अनुदान मालकाच्या बँकेत. पेरणी, खुरपणी, फवारणी, उधारी आणि रात्रीचं पाणी देणं मात्र कसणाऱ्याकडे. हा लेख त्या कसणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांची दोन-तीन एकर आहे पण स्वतः कसता येत नाही म्हणून दुसऱ्याला देतात त्यांच्यासाठी पण आहे, कारण सगळे जमीनमालक बागायतदार नसतात, त्यात विधवा बायका, म्हातारे आईबाप, पुण्या-मुंबईला कामाला गेलेले लोक पण असतात.

आधी थोडं आकड्यांत बघू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सुमारे ८६ टक्के शेतखाती दोन हेक्टरच्या आतली आहेत आणि त्यांच्याकडे जमीन मात्र सुमारे ४७ टक्केच आहे. बायकांच्या नावावर असलेली खाती सुमारे १४ टक्के. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं ते २०१५-१६ ला १.३४ हेक्टरवर आलं. आणि २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत ग्रामीण भागातली निम्म्याहून जास्त कुटुंबं भूमिहीन निघाली. सिलिंगचा कायदा १९६१ चा आहे, बारमाही बागायत असेल तर १८ एकर आणि कोरडवाहू असेल तर ५४ एकर एवढीच जमीन एका कुटुंबाला ठेवता येते असं तो सांगतो, तरी वाटप असं झालेलं आहे. म्हणून बटई ही काही जुनी गोष्ट राहिलेली नाही, ती वाढतेय.

आता कामाचं बोलू.

१. तुमचा व्यवहार नक्की कुठला आहे ते ठरवा

गावागावात नावं वेगळी. विदर्भात ठोका, मक्ता, बटई. मराठवाड्यात बटई. खानदेशात निमबटाई. पश्चिम महाराष्ट्रात वाट्याने, खंडाने. नाव काही असू द्या, मुळात प्रकार तीनच आहेत.

पहिला, पिकात वाटा, म्हणजे बटई. निम्मा, तिजाई, चौथाई, जे ठरेल ते. दुसरा, ठरावीक रक्कम (ठोका), म्हणजे एकरी इतके रुपये आधी किंवा दोन हप्त्यात द्यायचे आणि मग पीक येवो न येवो तो तुमचा प्रश्न. तिसरा, सालगडी, पाडव्याला साल ठरतं, पगार आणि धान्य मिळतं, शेती मालकाच्याच देखरेखीखाली असते.

हा फरक कायद्याला पण महत्त्वाचा वाटतो. कुळ कायद्याच्या कलम ४ मध्ये असं आहे की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कुळ मानला जातो, जर मालक ती स्वतः कसत नसेल आणि कसणारा हा मालकाच्या घरातला नसेल, पगारी नोकर किंवा मालकाच्या देखरेखीखालचा मजूर नसेल, किंवा गहाण घेऊन ताबा घेतलेला सावकार नसेल. आणि पगारी नोकर कोण तर रोख किंवा वस्तूत मजुरी घेणारा. पिकातला वाटा घेणारा त्यात येत नाही. म्हणजे "अरे तो आमचा गडीच आहे" असं मालक म्हणत असला तरी वाटा जर पिकातून जात असेल तर कायद्याच्या नजरेत तो गडी नाही. मालक लोक लिहून द्यायला का घाबरतात याचं मूळ इथंच आहे.

२. जमिनीचा सातबारा आणि आठ अ स्वतः काढा, मालकाने दाखवलेली झेरॉक्स नको

महाभूमीच्या साईटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो. मोबाईल जमत नसेल तर सेतूवर काढा. मग हे बघा.

मालकाच्या रकान्यात किती नावं आहेत? एकच असेल तर ठीक. पण बहुतेक जमिनी सामाईक असतात, बाप वारला, वारसाची नोंद झाली, तीन भाऊ दोन बहिणी सगळे चढले, आणि तुमच्याशी बोलणी करणारा त्यातला फक्त एक भाऊ. वाटप झालेलं नसेल तर बाकीचे उद्या उभं पीक बघून बांधावर येतात. म्हणून जितकी नावं तितक्या सह्या घ्या, नाहीतर जो बोलतोय त्याच्याकडे इतरांचं मुखत्यारपत्र आहे का ते विचारा. इथं बरेच लोक लाजेखातर विचारत नाहीत. विचारा. यात अपमान कसला.

इतर हक्काच्या रकान्यात काय काय लिहिलंय ते एकेक ओळ वाचा. बँकेचा बोजा, सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, कोर्टाचा मनाई हुकूम, आधीच्या कुणा कुळाचं नाव. विहिरीत मालकाचा हिस्सा चार आणे आहे की आठ आणे हे बटई ठरवताना फार मोठं असतं, कारण पाण्याची पाळी त्यावरच. आणि भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं असेल तर ती जमीन सरकारच्या अटींवर मिळालेली आहे, तिच्या अटी काय ते तलाठ्याकडे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात अजून तलाठीच.)

क्षेत्र पण मोजा. सातबाऱ्यावर ८० आर आणि बांध-नाला-पोटखराबा जाऊन पेरायला ७० आर असं सर्रास असतं आणि ठोका मात्र पूर्ण दोन एकराचा मागतात.

३. हिशोब आधी कागदावर, मग होकार

हे मी सगळ्यात जास्त सांगेन कारण बटईत माणूस बुडतो तो वाट्यात नाही, खर्चात बुडतो. "निम्मं निम्मं" हे ऐकायला बरोबरीचं वाटतं. एक उदाहरण घेऊ, आकडे समजा म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या भागाचे टाका.

तीन एकर सोयाबीन. एकरी सात क्विंटल उतारा, म्हणजे २१ क्विंटल. भाव ४,५०० मिळाला, हातात ९४,५००.

खर्च असा: नांगरणी-रोटा ९,०००, बियाणं ९,०००, खत १०,५००, फवारणी ९,०००, खुरपणी ९,०००, काढणी १२,०००, मळणी क्विंटलला ३०० प्रमाणे ६,३००. एकूण ६४,८००.

बऱ्याच ठिकाणी रीत अशी की बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी निम्मी निम्मी आणि नांगरणी आणि खुरपणी कसणाऱ्याची. मग सामाईक खर्च झाला ४६,८००, त्याचा निम्मा २३,४००. मालकाला मिळाले ४७,२५० वजा २३,४००, म्हणजे २३,८५०. कसणाऱ्याला ४७,२५० वजा २३,४०० वजा १८,०००, राहिले ५,८५०. चार महिने नवरा-बायको दोघांनी केलेलं काम यात धरलेलंच नाही.

आता पाऊस गेला आणि एकरी चारच क्विंटल झालं असं धरा. १२ क्विंटल, ५४,००० रुपये, मळणी ३,६००. मालकाला तरी ४,९५० उरतात. कसणाऱ्याच्या अंगावर १३,०५० रुपये येतात. माल निम्मा निम्मा वाटलाय, पण तोटा सगळा एकाच्या अंगावर. हे बोलून दाखवायला पाहिजे, मालकासमोर वही उघडून दाखवायला पाहिजे, कारण पुष्कळ मालकांनी हा हिशोब कधी केलेलाच नसतो. नांगरणी आणि खुरपणी पण निम्मी केली की चांगल्या वर्षी दोघांना १४,८५० असे सारखे मिळतात. एवढ्या एका बदलासाठी बोलणी करणं कधीही परवडतं.

ठोक्याचं गणित वेगळं. वरच्याच शेतात एकूण उत्पन्नातून खर्च गेला की २९,७०० राहतात, म्हणजे एकरी ९,९००. मालकाने एकरी दहा हजार ठोका मागितला तर चांगल्या वर्षी पण तुम्ही ३०० रुपयांनी मायनस. लोक तरी घेतात, दुसरा घेईल म्हणून. माझं मत असं की कोरडवाहूवर ठोका घ्यायचाच असेल तर वाईट वर्षाचा उतारा धरून हिशोब करा आणि अर्धी रक्कम माल विकल्यावर देण्याची अट घाला. सगळे पैसे पाडव्याला आगाऊ देऊन बसलात तर ते पैसे सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर उभे राहतात, मग माल पण त्यालाच घालावा लागतो आणि भाव तो ठरवेल तो.

४. मालकाला कशाची भीती वाटते ते समजून घ्या

ही भीती कुठून आली हे माहीत असलं की बोलणी सोपी जातात. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या ताब्यात जमिनी आणि कसणारे त्याच्या हाताखाली. अलिबागजवळ चरी गावात १९३३ ला शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत म्हणून, आणि तो जवळजवळ सहा वर्षं चालला. लोक उपाशी राहिले पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. या सगळ्या लढ्यानंतर १९४८ चा कुळ कायदा आला आणि मग "कसेल त्याची जमीन" याला कायद्यात जागा मिळाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता तो मालक झाला असं मानलं गेलं. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, आकारणीच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरकारी साऱ्याच्या, २० पट ते २०० पट यामध्ये.

यात बऱ्याच कुळांना जमीन मिळाली हे खरं. पण बऱ्याच जणांना त्याच्या आधीच जमिनीवरून काढलं गेलं, "स्वखुशीने सोडली" असं लिहून घेतलं गेलं, हे पण तितकंच खरं, आणि त्यात दलित आणि आदिवासी कुटुंबं सगळ्यात जास्त भरडली गेली. तेव्हापासून मालकांनी एक धडा घेतला, की कागद करायचाच नाही आणि एका माणसाला सलग तीन वर्षं जमीन द्यायची नाही.

आजची स्थिती काय? पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ चा कायदा, मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा, विदर्भात १९५८ चा वेगळा. कलमांचे नंबर वेगवेगळे, मी इथं १९४८ च्या कायद्याचे देतोय. त्यातलं कलम ३२ ओ सांगतं की कृषक दिनानंतर निर्माण झालेलं कुळ, जर स्वतः कसत असेल, तर कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षात जमीन खरेदीचा हक्क मागू शकतं. मालकाची भीती ती हीच. आणि कलम ८ तर खंडाची, म्हणजे कसणाऱ्याने मालकाला द्यायच्या भाड्याची, मर्यादा आकारणीच्या ५ पट किंवा एकरी २० रुपये यापैकी जे कमी असेल ते अशी सांगतं. एकरी २० रुपये! बाजारात हजारो रुपयांनी ठोके होतात आणि कायदा अजून तिथंच उभा आहे, त्यामुळे सगळा व्यवहार तोंडी चालतो आणि तोंडी व्यवहारात नुकसान नेहमी खालच्याचं होतं.

नीती आयोगाने २०१६ ला जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार केला, टी. हक समितीचा, मालकी मालकाकडे सुरक्षित आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळावा असा त्याचा गाभा. आंध्र प्रदेशाने २०१९ ला पीक उत्पादकांच्या हक्कांचा कायदा करून ११ महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली, त्याने जमिनीवर हक्क येत नाही पण पीक कर्ज आणि विमा मागता येतो. आपल्याकडे पण असंच काहीतरी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

५. कागद करा, साधा का होईना

मालक तयार असेल तर सगळ्यात चांगला मार्ग नोंदणीकृत करार, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ११ महिन्यांचा असेल तर सक्ती नाही पण नोंदवता येतो, आणि पीक विम्यासाठी नोंदणीकृतच मागतात म्हणून नोंदवलेला बरा. मालक तेवढ्याला तयार नसेल तर निदान ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी. तेही नको म्हणाला तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या आणि गावातले दोन साक्षीदार. काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

कागदात काय यायला पाहिजे: गट नंबर आणि प्रत्यक्ष पेरायचं क्षेत्र, चतुःसीमा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि उभं पीक असताना मुदत संपली तर ते काढेपर्यंत ताबा कसणाऱ्याकडेच राहील हे वाक्य. ऊस, हळद, केळी घेणार असाल तर या वाक्याशिवाय सहीच करू नका. खर्चाची प्रत्येक बाब कोणाची, वरच्या हिशोबासारखी नावासकट. पाणी आणि लाईट बिल कोणाचं. मोटार जळली तर कोणी भरायची, यावरून वर्षाला किती भांडणं होतात ते तुम्हाला माहीतच आहे. कडबा, भुसा, पऱ्हाट्या कोणाच्या. माल कुठं विकायचा आणि पट्टी कोणाच्या नावावर निघेल.

आणि एक वाक्य जे बहुतेक कागदात नसतं: सरकारकडून अतिवृष्टी, दुष्काळ, गारपीट यांची नुकसानभरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात जमा झाली तरी त्यातला अमुक हिस्सा कसणाऱ्याला इतक्या दिवसांत दिला जाईल. खर्च ज्याचा बुडाला त्याला भरपाई मिळावी यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. बोलणी करताना आधी हे काढलं तर मालक सहज हो म्हणतात, पैसे आल्यावर काढलं तर वाद होतात.

कुळहक्क मागणार नाही असं वाक्य मालक हमखास घालायला लावतो. त्यावर सही करावी का? बघा, कुळाला जमीन सोडायची तर कलम १५ प्रमाणे ती लेखी आणि तहसीलदारासमोर पडताळणी होऊनच सोडता येते, त्यामुळे असं आगाऊ लिहिलेलं वाक्य मालक समजतो तितकं पक्कं नसतं. पण त्या वाक्याने त्याचा जीव थोडा शांत होत असेल आणि तुम्हाला बाकीचा सगळा कागद मिळत असेल तर माझ्या मते हरकत नाही. कोऱ्या स्टॅम्पवर मात्र कुणी कितीही जवळचा असला तरी सही नाही.

६. वर्षभर पुरावा जमवत राहा

एक वही करा. तारीख, काम, पैसे कोणी दिले. ठोक्याचे पैसे रोख देऊ नका, फोनपे करा किंवा बँकेतून टाका आणि मेसेजमध्ये "गट नंबर अमुक, खरीप, ठोका" असं लिहा. रोखच द्यावे लागले तर पावती घ्या, अर्ध्या कागदावर का असेना. बियाणं-खताचं बिल स्वतःच्या नावाने घ्या, दुकानदार "नावाचं काय करायचंय" म्हणेल, तरी घ्या. मालाची काटापट्टी, आडत्याची पट्टी जपून ठेवा. महिन्यातून एकदा शेतात उभं राहून फोटो.

पुढे कधी वहिवाटीचा वाद आला तर नुसतं पीक पाहणीत नाव आहे एवढ्यावर भागत नाही, मालक आणि कसणारा यांच्यात नातं काय होतं ते करार, खंडाच्या पावत्या यातूनच दिसतं.

आणि सातबाऱ्याच्या बारा नंबरमध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदीत, मालकाशिवाय दुसरा माणूस कसताना सापडला तर तलाठी स्वतःच्या मनाने त्याचं नाव चढवू शकत नाही. त्यासाठी नमुना १४ भरून तहसीलदाराकडे जातो, तहसीलदार दोघांना बोलावून चौकशी करतो आणि आदेश झाला तरच नोंद होते. "पाचशे द्या, नाव लावून देतो" असं कोणी म्हणालं तर ते नाव टिकणारं नाही हे लक्षात ठेवा.

७. विमा, कर्ज, अनुदान: काय मिळतं, काय नाही

पीएम किसान मिळत नाही. ती योजना जमीन नावावर असलेल्यांची आहे, वर्षाला ६,००० तीन हप्त्यात, त्यात बटईदार बसत नाही. शेतकरी ओळख क्रमांक पण जमिनीच्या खात्याशी जोडलेला असतो.

पीक विमा मिळू शकतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत कुळाने, बटईने, भाड्याने कसणारे पात्र आहेत. नोंदणीकृत भाडेकरार अपलोड करावा लागतो आणि पैसे अर्ज करणाऱ्याच्या खात्यात येतात. हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला १.५, नगदी पिकांना ५. मालकाने त्याच गटावर आधीच स्वतःच्या नावाने विमा काढलाय का ते आधी विचारा, एकाच पिकाचे दोन अर्ज झाले की दोघांचीही अडचण होते. ई-पीक पाहणी वेळेत होतेय का ते पण बघा, ती मालकाच्या खात्यावर होते, मालक पुण्यात बसलाय आणि पाहणीच झाली नाही तर विमा, भरपाई, हमीभावाची खरेदी सगळीकडे अडतं. पेरणी झाली की त्याला फोन करून मागेच लागा.

कर्जाचं, बँकेत बटईदाराला उभं करत नाहीत हे खरं, पण नियम तसा नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत भाडेकरू शेतकरी, तोंडी कराराने कसणारे, बटईदार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम पण आहे. एकट्याला देत नसतील तर ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करून जा, बँकवाल्यांच्या भाषेत जेएलजी. बायकांच्या बचत गटातून पण हे होतं आणि माझ्या मते तेच जास्त टिकतं. नाही म्हणाले तर अर्ज लेखी द्या आणि नकार लेखी मागा, तोंडी नकारावर तक्रार होत नाही.

८. मध्येच काढून टाकलं तर

उभ्या पिकात ट्रॅक्टर घालणं, कुलूप लावून मोटार बंद करणं, हे होतं. भांडायला एकटे जाऊ नका, त्याच दिवशी फोटो, व्हिडिओ आणि पोलीस पाटलाच्या कानावर घाला. तुम्ही कायद्याने कुळ ठरत असाल तर तहसीलदाराच्या आदेशाशिवाय मालकाला ताबा घेता येत नाही, आणि ताबा परत मागायचा अर्ज कलम २९ खाली दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कुळ आहे की नाही हा वादच असेल तर तो कलम ७० (ब) खाली तहसीलदारच ठरवतो, दिवाणी कोर्टाला तो प्रश्न ठरवता येत नाही. त्याच्यावर अपील वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे आणि मग महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण.

वकिलाची फी हा मोठा अडसर असतो. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाले यांना विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, तालुका कोर्टातच तिचं ऑफिस असतं, हेल्पलाईन १५१००. हे फुकट आहे म्हणून हलकं समजू नका, तो तुमचा हक्क आहे.

९. घरात जुनं कुळ आहे का ते तपासा

आजा-पणजा कुणाची जमीन कसायचे आणि सातबाऱ्यावर कुळ म्हणून नाव अजून दिसतंय अशी घरं आजही आहेत. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून १९५० पासूनचे जुने सातबारे, ७ अ (कुळांच्या नोंदीचा नमुना), आणि फेरफार नकलेसाठी अर्ज करा. ३२ ग ची (कुळाला जमीन देऊन किंमत ठरवायची) चौकशी झाली होती का, किंमत ठरली का, भरली का, ३२ म चा (खरेदी पूर्ण झाल्याचा) दाखला मिळाला का, हे क्रमाने बघा. मालक त्यावेळी विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर खरेदीची तारीख पुढे ढकललेली असते आणि कुळाने ठरावीक मुदतीत कळवायचं असतं, तिथं बरीच प्रकरणं अडकली आहेत. ही केस स्वतः लढवू नका, महसुलाची कामं करणारा वकील गाठा.

३२ म चा दाखला मिळून १० वर्षं झाली असतील तर ती जमीन विकायला आता आधीची परवानगी लागत नाही, आकारणीच्या ४० पट रक्कम भरून पुढे जाता येतं, घेणारा शेतकरी असला पाहिजे. ही सवलत २०१४ च्या दुरुस्तीने आली. याचा फायदा घ्या पण घाईत विकू नका, दलाल या जमिनींवर नजर ठेवून असतात.

१०. स्वतःच्या नावावर जमीन

अनुसूचित जातीतल्या आणि नवबौद्ध भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकार विकत घेऊन देतं, २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. विधवा आणि परित्यक्ता बायकांना प्राधान्य. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे. अडचण ही की विकणारा मालक सापडत नाही, म्हणून गावात कोण विकायला तयार आहे ते आपणच शोधून नाव द्यावं लागतं, ग्रामसभेत विषय काढा.

ज्यांच्या घरात जमीन आहे पण बाईच्या नावावर नाही, त्यांच्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना, १९९२ च्या शासन निर्णयाची. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं. यासाठी खरेदीखत लागत नाही. एकटी पडलेली बाई जमीन बटईने देते तेव्हा सातबाऱ्यावर तिचं नाव असलं तरच बोलणीत तिचं ऐकलं जातं, नाहीतर दीर-पुतणे परस्पर ठोका घेऊन मोकळे होतात.

मुलींचा हिस्सा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने मुलांइतकाच झाला, आणि बाप २००५ ला जिवंत असो वा नसो मुलीला हक्क जन्माने आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. तरी वारस नोंदीच्या वेळी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायचीच अशी रीत झालीय. बहिणींनो, सही करायची असेल तर करा पण आधी घरी नेऊन वाचा, कोणत्या गटावर सोडताय ते नंबर तपासा, आणि विचार करायला वेळ मागा. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, हरकत लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.